नव्याण्णवची तारीख

एकतीस डिसेंबर दोन हजार नव्याण्णव या दिवशी शांताबाई एकशे सहा वर्षांची असेल. म्हणजे नसेलच. तरी तोवर लागू राहील असा एक हुकूम तिने देऊन ठेवला होता, तोही चांगल्या शुद्धीत, डाव्या हातात चहाचा कप धरून, उजव्या हाताने टाइप करत.

शांताबाई हे तिचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसने पाडलं. कसं पडलं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

एकोणिसाव्या वर्षी ती एका टेलिफोन कंपनीच्या मदत केंद्रात चिकटली होती. सहा वर्षं कानाला हेडफोन आणि हेडफोनमधून शिव्या. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य ती झोपेतसुद्धा बोलायची, असं आई सांगते. डोक्यावर हेडफोनच्या पट्टीचा वळ असा पक्का बसला होता की सुट्टीच्या दिवशीही केस तिथेच दुभंगायचे. मग कुणीतरी सांगितलं की संगणकांच्या सुरक्षेचं शिक्षण घेतलंस तर या शिव्यांतून सुटशील. तिने संध्याकाळचा वर्ग लावला. घर दोन खोल्यांचं, अभ्यास स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि टीव्ही भिंतीपलीकडे. आई तिच्यासाठी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची. दोन वर्षं आईने मालिकांतली माणसं नुसती तोंडं हलवताना पाहिली आणि कोण कुणाशी का भांडतंय हे स्वतःच्या मनाने जुळवून घेतलं. पुढे परीक्षा झाली, नोकरी लागली, तरी आईची सवय गेली नाही. "आता आवाजाने डोकं उठतं गं," म्हणायची.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "या क्षेत्रात का यायचंय?"

ती म्हणाली, "सहा वर्षं लोकांनी माझ्यावर फोन आपटलेत, सर. आता समोरचा बोलतच नाही असं काम पाहिजे."

साहेब हसले आणि तिला घेतलं. काम होतं पहाऱ्याचं. दवाखाने, गोदामं, एक विमा कचेरी अशा एकोणीस ठिकाणच्या संगणकांत काही वावगं घडलं की त्याची खबर चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत यायची. खिडक्या नसलेली खोली, समोर भिंतभर पडदे, पडद्यांसमोर तीन रांगांत माणसं. खबरेला तिथे अलर्ट म्हणतात. अलर्ट आला की बघायचं. खोटा वाटला तर ‘फॉल्स’ लिहून बंद करायचा, खरा वाटला तर वरच्या पायरीवर ढकलायचा. पहिल्या पायरीवर नवशिके, दुसरीवर मुरलेले, तिसरीवर तपास करणारे. शंभरातले अठ्ठ्याण्णव अलर्ट खोटे. उरलेल्या दोनांसाठी डोळ्यांत तेल घालून बसायचं, एवढंच ते काम.

आणि ती खरंच बसायची. इतकंच नाही, ती फोन करायची. आधीच्या नोकरीची खोड! बाकीचे पडद्यावरच निकाल लावत, ही सरळ त्या ठिकाणी फोन लावून विचारायची, "नमस्कार, तुमच्या अमक्या संगणकावर तमकं झालंय, ते तुम्हीच केलंत का?" समोरचा माणूस दचकायचा, मग खूश व्हायचा. पहिल्या सहा महिन्यांत तिने दोन खऱ्या चोऱ्या पकडल्या त्या अशाच.

अशा फोनांतूनच हॉस्पिटलच्या रक्त तपासणीतले काका भेटले. भेटले म्हणजे आवाजाने. त्यांच्या खोलीतल्या संगणकावरून रोज संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी एक अनोळखी प्रोग्रॅम चालायचा आणि भराभर फाइली बाहेर पाठवायचा. दिसायला अस्सल चोरी. तिने फोन लावला.

"अहो, तो माझा आहे," काका म्हणाले. "आमचं रक्त तपासायचं यंत्र म्हातारं झालंय, नव्या संगणकांशी बोलत नाही. म्हणून मीच जुळवाजुळव करून एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो दिवसभराचे रिपोर्ट वॉर्डात पोचवतो. काही गुन्हा झाला का?"

गुन्हा काही नव्हता. अशा वेळी अपवाद टाकायचा असतो. म्हणजे यंत्रणेला सांगायचं की हा आपला माणूस आहे, याची खबर देऊ नकोस. पण अपवादाला मुदत असते. नियम असा की मुदत जास्तीत जास्त नव्वद दिवस, मग अलर्ट परत येणार, मग परत विचारायचं. तिने नव्वद दिवस लिहिले. नव्वद दिवसांनी फोन केला. "काका, तो अजून तुमचाच ना?" "माझाच गं बाई." तेव्हा काकांचा गुडघा दुखत होता. पुढच्या फोनला गुडघा बरा होता, पण यंत्र रुसलं होतं. तिसऱ्या फोनला काकांनी प्रोग्रॅममध्ये सुधारणा करून फाइलला नवं नाव दिलं होतं, त्यामुळे मुदतीआधीच अलर्ट आला.

त्याच सुमाराला साहेबांनी फर्मान काढलं: आवाज कमी करा. रोज इतके खोटे अलर्ट येतात की खरा कुठला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. आता आवाज कमी कसा करायचा, तर अपवाद टाकून. आणि दर नव्वद दिवसांनी तेच दळण नको म्हणून त्या खोलीत एक रीत पडली होती. नियम कागदावर, पण मुदतीचा रकाना कुठलीही तारीख घ्यायचा. मग सगळेजण सर्वांत लांबची घ्यायचे: ३१ डिसेंबर २०९९. त्याला ‘नव्याण्णवची तारीख’ म्हणत. "टाक नव्याण्णव आणि जा जेवायला," असं म्हणत. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शिकवल्या जात: जिन्याचा दरवाजा कसा ढकलायचा, चहाचं यंत्र कुठे बडवायचं आणि नव्याण्णवची तारीख.

तीन आठवडे बसून तिने एकशे चाळीस अपवाद टाकले. साहेबांनी मंजुरीचं बटण एकशे चाळीस वेळा दाबलं, एकही न वाचता. त्यातला एक काकांचा. काका फाइलचं नाव बदलत राहणार, म्हणून तिने एका फाइलऐवजी त्यांचं अख्खं फोल्डरच मोकळं सोडलं. चहाचा कप डाव्या हातात होता तो तेव्हा. हुकमाचा अर्थ साध्या भाषेत असा, की या फोल्डरमध्ये काहीही घडो, कुणीही येवो, आम्हाला कळवू नका, २०९९ पर्यंत.

खोली शांत झाली. मागच्या रांगेतल्या कुणीतरी तिला शांताबाई म्हटलं आणि ते चिकटलं. वर्षाअखेर तिला फ्रेममध्ये घालून प्रशस्तिपत्र मिळालं आणि ती दुसऱ्या पायरीवर गेली. काकांना परत फोन करायची वेळ आली नाही.

आता मामा. मामा म्हणजे खालच्या दारावरचे वॉचमन. नऊ मजली इमारत, दहा-बारा कंपन्या, आणि त्या सगळ्यांच्या वाटेत एक लाकडी टेबल, एक रजिस्टर आणि मामा. शांताबाईच्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात ती कार्ड घरी विसरली तर त्यांनी तिला आत सोडलं नाही.

"अहो, मला रोज बघता ना?"

"बघतो की ताई. चांगला ओळखतो. पण कार्ड कुठंय?"

ती घरी जाऊन कार्ड घेऊन आली तेव्हा तिचा संताप असा झाला होता की तिने बॅग टेबलावर आदळली. मामांनी ती शांतपणे उघडली, डबा, छत्री, वही असं एकेक बघितलं आणि म्हणाले, "जा आता." पुढे ओळख वाढली. वर तुम्ही काय करता, असं त्यांनी एकदा विचारलं. तिने सांगितलं. ऐकून ते टेबलावर थाप मारून हसले. "म्हणजे माझंच काम की! नुसतं बसून."

मामा चाळिशी ओलांडलेले. आपणही वर पडद्यासमोर बसावं अशी त्यांना एक वेडी इच्छा झाली, आणि ती तिने फुलवली हे इथे नोंदवलं पाहिजे. तिने आपल्या जुन्या वह्या त्यांना दिल्या. दारावरच्या टेबलाशी, रजिस्टरच्या खाली वही ठेवून, येणारं-जाणारं माणूस न चुकवता मामा शिकले. अडलं की ते प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवत आणि सकाळी बॅग तपासताना तिच्या हातात देत. तीन वर्षं लागली. तिने साहेबांकडे शब्द टाकला. कंपनीच्या पत्रिकेत ‘दारावरून पडद्यावर’ असा फोटो झकास दिसेल, हे साहेबांना लगेच दिसलं. मामा पहिल्या पायरीवर रुजू झाले. फोटोत त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आहे आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळलेलं नाही.

"तेरा वर्षं त्या दारावर होतो," ते खोलीत सगळ्यांना सांगायचे. "एक छत्री चोरीला गेली नाही." तरणी मुलं हसायची. पण मामांकडे सांगण्यासारखी दौलत ती एवढीच होती.

त्यांना शिकवायचं काम तिचं. तोवर ती तिसऱ्या पायरीवर, तपासात पोचली होती. तिने सांगितलं, "मामा, अलर्ट आला की आधी बघायचं, या मशीनवर आणखी काही चालू आहे का. काहीच नसेल आणि पूर्वीच्या लोकांनी असाच अलर्ट फॉल्स म्हणून बंद केला असेल, तर तुम्हीही करा. एकेकाच्या मागे लागलात तर संध्याकाळपर्यंत वेड लागेल." मामांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

सात महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी हॉस्पिटलचे सगळे पडदे काळे झाले. त्यावर एक मजकूर होता, तो खंडणीखोरांचा असतो तसाच होता. फाइली कुलूपबंद, कुलपाची किल्ली त्यांच्याकडे.

शांताबाईला तपासाला पाठवलं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर माणसांची रांग दारापर्यंत आली होती. नर्स पाठकोऱ्या कागदांवर हाताने नंबर लिहून वाटत होत्या. तिच्या गळ्यातलं कार्ड पाहून एक बाई उठून आली. हातात रिकामी प्लास्टिकची फाइल.

"तुम्ही कॉम्प्युटरच्या ना? ह्यांचे जुने रिपोर्ट सगळे आतमध्ये आहेत. ते बघितल्याशिवाय डॉक्टर पुढचं औषध देत नाहीत. येतील ना परत?"

"प्रयत्न चाललेत," ती म्हणाली. मदत केंद्रातला सहा वर्षांचा आवाज तिच्या तोंडातून आपोआप बाहेर आला, आणि तिला स्वतःची किळस आली. ते रिपोर्ट परत आले नाहीत. राखीव प्रतीही त्याच कुलपात गेल्या होत्या.

चोर आत कुठून शिरले हे शोधत ती रक्त तपासणीच्या खोलीत पोचली. खुर्चीवर उशी बांधलेली होती. बाजूला एक पांढऱ्या केसांचा माणूस भिंतीला टेकून उभा होता, हातात काम नसल्यासारखा. तिने पासवर्ड विचारला. तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही त्या फोनवाल्या ना? आवाज ओळखला मी. गुडघा कसा आहे म्हणून विचारायच्या."

पुढचं तिला संगणक उघडायच्या आधीच कळलं होतं, तरी तिने उघडलं. काकांच्या फोल्डरमध्ये, काकांच्या प्रोग्रॅमशेजारी, अकरा दिवसांपूर्वी कुणीतरी आणखी एक प्रोग्रॅम आणून ठेवला होता. अकरा दिवस तो तिथे बसून सगळं हॉस्पिटल पोखरत होता. यंत्रणेला तो पहिल्याच दिवशी दिसला होता. यंत्रणेने अलर्ट काढलाही होता, आणि मग हुकूम पाहून तो गिळून टाकला होता. हुकमाखाली नाव शांताबाईचं, मंजुरी साहेबांची, मुदत एकतीस डिसेंबर दोन हजार नव्याण्णव.

"माझ्या त्या भिकार प्रोग्रॅममुळे झालं का गं हे?" काकांनी हळूच विचारलं.

‘नाही काका, माझ्यामुळे.’ एवढे तीन शब्द होते. ती म्हणाली, "अजून काही सांगता येत नाही."

काकांनी दाराकडे पाहिलं. "कुणी विचारलं तर मी तुमचं नाव घेणार नाही हं. तुम्ही तेव्हा माझी अडचण ओळखून केलंत. मी विसरलेलो नाही."

त्यांना वाटत होतं तिने त्यांच्यावर मेहेरबानी केली होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. शिव्या झेलायची तिला सवय होती. ती त्यांचे आभार मानून बाहेर पडली. आभार!

हॉस्पिटलच्या संगणकावरून त्या अकरा दिवसांत दुसराही एक बारीक अलर्ट निघाला होता, आणि तो मात्र खोलीत पोचला होता. रविवारी सकाळी नऊ बावन्नला, रक्त तपासणीच्या मशीनवर भलत्या वेळी कुणीतरी शिरलं, असा. तो मामांच्या पडद्यावर आला. मामांनी मशीनवर आणखी काही चालू आहे का ते बघितलं. यादी रिकामी होती. पूर्वीच्या लोकांनी काय केलं ते बघितलं. वीस वेळा फॉल्स, त्यातले अकरा शांताबाईच्या नावाचे. मामांनी फॉल्स लिहिलं. सगळं मिळून पन्नास सेकंद. तिने शिकवलं तसं, बरहुकूम. ती यादी रिकामी नसती तर कुठलंही शेंबडं पोर ओरडत उठलं असतं.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि सांगून टाकलं. ते तिने केलं, हे तिच्या बाजूने लिहायला हवं.

"सर, मामांची चूक नाही. खरा अलर्ट त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तो मी बंद केला होता. चार वर्षांपूर्वी."

साहेबांनी उठून दार लावलं. "मंजुरी कुणाची आहे त्यावर?"

"तुमची."

"हं." ते खिडकीपाशी गेले, ऑफिसात खिडकी असलेली खोली त्यांचीच. "हे बघ. नियम बरोबर होते आणि माणूस चुकला, असं म्हटलं तर आपण माणूस बदलतो. आपले नियमच फाटके होते म्हटलं, तर हॉस्पिटल आपल्याला बदलेल. आणि त्याच्या मागोमाग बाकीचे अठरा. खोलीत चाळीस जण बसतात."

"आणि मामा?"

"मामांनी तो अलर्ट पन्नास सेकंदांत बंद केला. हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग खोटं काही लिहायचंच नाहीये." ते वळले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. "रिपोर्ट तुझा आहे. मी एक शब्द सांगणार नाही. तुला योग्य वाटेल ते लिही."

रिपोर्ट तिने घरी, स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर लिहिला. पलीकडे आईचा मुका टीव्ही चालू होता. दोन परिच्छेद होते. पहिल्यात रविवारचा अलर्ट, दुसऱ्यात अपवाद, तारीख आणि तिचं नाव. दोन्ही लिहून ती तासभर बसून राहिली.

"मामा बरे आहेत ना गं?" आईने आतून विचारलं. मामांच्या निवडीच्या दिवशी त्यांची बायको आईला भेटायला आली होती आणि आईचे हात धरून रडली होती.

"बरे आहेत," ती म्हणाली, आणि तिने दुसरा परिच्छेद काढून टाकला.

चाळीस जणांच्या नोकऱ्या, एकोणीस गिऱ्हाइकं वगैरे तिने स्वतःला बरंच ऐकवलं. मीही तिच्यासाठी याहून मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही. ती घाबरली होती. पुन्हा कानाला हेडफोन लागेल, पुन्हा डोक्यावर वळ उमटेल, या भीतीने ती गारठून गेली होती. दुसऱ्या परिच्छेदाच्या जागी तिने एकच वाक्य घातलं: ‘संबंधित मशीनवरून दोन इशारे निघाले होते.’ निघाले होते हे खरंच होतं. पोचले का, ते तिने लिहिलं नाही.

बैठकीला मामा फोटोतलाच शर्ट घालून आले. रिपोर्ट त्यांनी ओळीखाली बोट ठेवून वाचला. बोट त्या वाक्यावर थांबलं.

"दोन? मी तर एकच..." ते साहेबांकडे बघत म्हणाले. "दुसरा पण होता?"

"होता," साहेब म्हणाले.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिने टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद वाचायला घेतला. त्यावर जे लिहिलं होतं ते तिला अजून पाठ आहे.

"म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत गेलं," मामा म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, गयावया केली नाही. गळ्यातलं कार्ड काढून, त्याची दोरी नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. दारापर्यंत जाऊन ते परत आले, फक्त तिला म्हणाले, "ताई, तुमचं नाव खराब केलं मी. माफ करा."

दोन महिन्यांनी ती त्या खोलीची प्रमुख झाली. पहिला फतवा तिने काढला तो नव्याण्णवच्या तारखेवर. यंत्रणा आता नव्वद दिवसांपुढची तारीखच घेत नाही. तीन आठवडे खोलीत नुसता कल्ला झाला, पोरं रडकुंडीला आली. मग कुणीतरी हुशाराने सगळ्या अपवादांची मुदत एका फटक्यात आणखी नव्वद दिवस वाढवणारं बटण बनवून घेतलं. मंजुरीला ते तिच्याकडे आलं. त्या दिवशी पडद्यावर अकराशे अलर्ट थकले होते. तिने मंजूर केलं. न वाचता नाही, नीट वाचून.

मामांना त्यांचं जुनं काम मिळालं. दारावरची एजन्सी निराळी, तिला वरच्या भानगडींशी देणंघेणं नाही. तेरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस एजन्सीने हसत परत घेतला. त्यामुळे आता रोज सकाळी शांताबाई बॅग उघडून त्यांच्या पुढ्यात धरते. इमारतीला दुसरं दार नाही. तिने शोधलं.

मामा बदललेत. पूर्वी लांबूनच माणूस ओळखायचे. आता प्रत्येकाचं कार्ड हातात घेतात, फोटोवरून अंगठा फिरवतात, तोंडाकडे बघतात, परत फोटोकडे बघतात. मागे रांग लागते, लोक वैतागतात. त्यांनी चष्मा केलाय. डोळ्यांच्या डॉक्टरने नंबर नाही म्हणून सांगितलं होतं, तरी हट्टाने साध्या काचांचा करून घेतला, असं त्यांच्या बायकोने आईला सांगितलं.

गेल्या आठवड्यात रांग नव्हती. मामांनी तिची बॅग ओढून घेतली, पण उघडली नाही.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"तो दुसरा अलर्ट." त्यांनी आवाज खाली आणला. "मी रोज डोळे मिटून तो रविवार बघतो. नऊ बावन्न. समोर तो एक अलर्ट, मी यादी उघडली, यादी रिकामी. पुन्हा पुन्हा बघतो, रिकामीच दिसते. बायको म्हणते सोडा आता. पण मला कळत नाही, दिसला कसा नाही? तेरा वर्षांत माझ्या समोरून काही गेलं नव्हतं हो. आता मला दारावरसुद्धा भरवसा वाटत नाही. समोर माणूस उभा असतो आणि मी विचार करतो, खरंच एकच आहे ना?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "एवढंच सांगा. तो पडद्यावर कुठे होता? वर होता की खाली?"

एक वाक्य पुरेसं होतं. ‘कुठेच नव्हता, मामा.’ त्या माणसाचे डोळे तिथल्या तिथे परत मिळाले असते. त्यांनी कुणाला काही सांगितलंही नसतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं. लिफ्टचं दार उघडून आतून साहेब बाहेर आले, तिला पाहून हात केला आणि पार्किंगकडे गेले.

"खाली होता," ती म्हणाली. "अगदी खालच्या कोपऱ्यात."

"तरीच." मामांनी मान हलवली, मोठं ओझं थोडं हललं तर माणूस सोडतो तसा श्वास सोडला. "खाली बघितलंच नसेल मी. तरीच."

मग त्यांनी चष्मा लावला, तिची बॅग उघडली. डबा, छत्री, वही. त्यांनी आत एकदा पाहिलं, परत एकदा पाहिलं, आणि तिला आत सोडलं.